खालून पाजणारी रिबकाबाई

फार वर्षांपूर्वी, धोंडगावच्या शिवेबाहेर शालेमवाडी नुकती वसत होती, तेव्हा त्या वाडीत रिबकाबाई नावाची एक बाई होती आणि ती फार रागीट होती. तिची गोष्ट सांगायची तर आधी तिचा राग सांगावा लागतो, बाकीचं मागून. हल्ली बाहेरगावची माणसं येतात आणि तिचं चित्र काढून देवळात लावतात. पांढरं लुगडं, जोडलेले हात, मिटलेले डोळे. असली कुणी बाई शालेमवाडीत कधी नव्हती! रिबकाबाईचे डोळे प्रार्थनेतसुद्धा मिटलेले कुणी पाहिले नाहीत. "हे आमच्या बापा" म्हणून ती सुरुवात करायची आणि पुढच्याच वाक्याला त्या बापाचं काय काय चुकलं ते त्याला ऐकवायची. तिची प्रार्थना सुरू झाली की ओट्यावरची कुत्री उठून पलीकडच्या आळीत जाऊन बसायची, असं म्हणतात.

हा राग तिला कुठून मिळाला, तेही ऐका. तो तिला धोंडगावच्या विहिरीवर मिळाला. तेव्हा ती रिबका नव्हती, धुरपा होती, आणि तिच्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही असा गावाचा रिवाज होता. काठापासून लांब, उतारावर, मडकं घेऊन बसायचं. वर कुणी बाई पाणी भरायला आली की खाली मान घालून म्हणायचं, "मायबाप, पानी वाढा." तिच्या मनात आलं तर ती वरून ओतायची. मडकं मध्ये आलं तर मडक्यात, नाहीतर अंगावर. निम्मं पाणी मातीत जायचं. वर बघायचं नाही, अशी धुरपाच्या आईची ताकीद होती, म्हणून धुरपाला धोंडगावातल्या कुठल्याच बाईचं तोंड माहीत नव्हतं. तिला त्यांच्या टाचा तेवढ्या माहीत होत्या. ही जोडव्यांची टाच, ही भेगांची टाच, ही मेंदीची टाच. मेंदीची टाच आली की सगळ्या बसल्या जागी थुंकी गिळून घसा ओला करून घ्यायच्या, कारण ती कधीच पाणी वाढायची नाही. धुरपा आईशेजारी बसून त्या टाचांकडे बघत मोठी झाली आणि तिच्या पोटात पाण्याच्या आधी राग जात राहिला.

मग कोंडिबा उपदेशक आला. खांद्यावर घोंगडी, काखेत शास्त्राचं पुस्तक, आवाज ढोलासारखा. त्यानं सांगितलं की देवाला टाचा नाहीत, देव वरून ओतत नाही, तो खाली उतरून आला आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. धुरपानं विचारलं, "कोन बसला? देव सोता?" कोंडिबा म्हणाला, "हो. कंबरेला पंचा गुंडाळून." ती म्हणाली, "मग मला त्याच्याशी बोलायचंय." अशी ती बाप्तिस्म्याला तयार झाली. तिचा नवरा गेणू, तोही झाला. कोंडिबानं त्यांना जोडीची नावं दिली, इसहाक आणि रिबका. शास्त्रातली रिबका म्हणजे विहिरीवरची पोर. परका मुसाफिर आला तर त्याला तर तिनं पाणी पाजलंच, वर त्याच्या सगळ्या उंटांना पाजलं. हे ऐकून ही रिबका भडकली. "उंटाला पाजलं? आन् आमी काय उंटापरीस हलके होतो?" कोंडिबानं पुस्तक मिटून काखेत घातलं.

बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या काही घरांनी धोंडगाव सोडलं आणि माळावर वाडी वसवली. माळ कसला, नुसता कातळ. पण विहीर आपली हवी, हे सगळ्यांच्या मनात एकच होतं. पुरुष पहार मारायचे, बाया पाट्या वाहायच्या. मुरूम गेला, मग काळा खडक लागला. खडकाला पहार लागली की ठिणगी उडायची, पाण्याचा मात्र थेंब नाही. आणि एका सकाळी वरचा धोंडा सुटला आणि खाली वाकलेल्या इसहाकवर पडला.

त्याला मूठमाती दिली आणि वाडीनं ठरवलं की आता हे काम सोडावं, देवाची इच्छा दिसत नाही.  दुसऱ्या दिवशी रिबकाबाई एकटी खाली उतरली, नवऱ्याची पहार उचलली आणि खडकाला म्हणाली, "माझा नवरा खाल्लास ना? आता पानी ओक!" आणि पहार मारली. तिच्या त्या एका घावानं खडक तडकला आणि पाणी तिच्या तोंडावर उडालं, असं म्हणतात. वरून कोंडिबा ओरडला, "रिबकाबाई, मोशेनंसुद्धा रागानं खडक मारला होता, पाणी आलं, पण त्याला वचनाच्या देशात पाय ठेवता आला नाही!" रिबकाबाईनं खालूनच विचारलं, "मोशेचं मानूस मेलं हुतं का त्या खडकाखाली?" आणि पुन्हा पहार मारली.

विहीर झाली. वाडीचे वडील नहेम्यादादा शहाणे गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की या विहिरीची पहिली घागर रिबकाबाईची. तिची घागर भरल्याशिवाय दोराला कुणी हात लावायचा नाही. ते योग्यच होतं, कुणीही योग्यच म्हणेल. रोज सकाळी रिबकाबाई घागर घेऊन निघायची, तेव्हा वाटेवरच्या बाया बाजूला व्हायच्या. ती काठावर चढायची, दोर सोडायची, भरलेली घागर डोक्यावर घेऊन ताठ मानेनं परत यायची. उभ्या जन्मात तिला कुणी पहिलं काही दिलं नव्हतं. ते पहिलेपण तिला भाकरीपेक्षा गोड लागायला लागलं. एकदा कुणाची तरी सून चुकून आधी दोर धरून बसली, तर रिबकाबाईनं तिच्या माहेरच्या सात पिढ्या विहिरीत बुडवून काढल्या.

शास्त्रातली एक गोष्ट मात्र तिला मुळीच खपायची नाही. ती द्राक्षमळ्याच्या मालकाची. मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला आला तरी कुणी रिकामा दिसला की त्यालाही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो. दिवसभर उन्हात करपलेल्यालाही तेवढाच आणि घटकाभर हात लावलेल्यालाही तेवढाच. कोंडिबानं ही गोष्ट वाचायला घेतली की रिबकाबाई उपासनेतून उठायची. "ह्यो कसला मालक? ह्याच्याकडं कोन कामाला जाईल?" म्हणत चपलांकडे चालायची. दरवर्षी ही गोष्ट यायची आणि दरवर्षी ती उठायची. पोरं तिच्या उठण्याची वाटच बघत बसायची.

मग, रिबकाबाईचे केस पिकल्यावर, एक साल असं आलं की आभाळ कोरडंच राहिलं. धोंडगावच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक वस्ती होती. तिथली माणसं वेगळ्या जातीची. कुठली जात, पहिल्यांची कुठली आणि नंतरच्यांची कुठली, ते विचारू नका. ती नावं या गोष्टीत घ्यायची नाहीत असा शालेमवाडीचा दंडक आहे, आणि ज्याला ती माहीत असल्यावाचून चैन पडत नाही त्यानं या गोष्टीतून उठून जावं. एवढंच ऐका की धोंडगाव पहिल्यांना जसं पाणी वाढायचं तसंच त्यांनाही वाढायचं, आणि दुष्काळात तेही बंद केलं. तेव्हा ती माणसं शालेमवाडीला आली. आम्हालाही तुमच्या देवाचं करा, म्हणाली.

केवढा आनंद झाला! कोंडिबा रडला. बाप्तिस्मे झाले, डफ वाजले, नहेम्यादादांनी प्रत्येकाला कवटाळून "भाऊ" म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नहेम्यादादांनी विहिरीवर येऊन रांग लावली. ज्याचा बाप्तिस्मा आधी तो पुढे, ज्याचा नंतर तो मागे. आणि अगदी मागच्या भावांनी दोराला हात लावायचा नाही. पाणी कमी आहे, घाण होईल, त्यांना काढायची सवय नाही. ते तिथे उतारावर बसतील, आपण त्यांना ओतू. "शास्त्रातच लिहिलंय," नहेम्यादादा म्हणाले, "सगळं कसं व्यवस्थित व्हावं."

ऐकलंत? त्याच लोकांनी! ज्यांच्या पाठीवर वरून पडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं, त्यांनी. दुसरा कुणी असता तर म्हणता आलं असतं की बाबा, त्याला काय माहीत. यांना सगळं माहीत होतं. किती लांब बसवायचं, मडकं कुठे ठेवायला लावायचं, कुठल्या उंचीवरून ओतलं म्हणजे विटाळ होत नाही, सगळं तोंडपाठ होतं. धोंडगावच्या शाळेत शिकून आले होते ना! आणि देवाचं वचन काखेत धरून ते हे करत होते. अशा वेळी देव वरून धोंडे का टाकत नाही, हे त्यालाच ठाऊक.

रिबकाबाई काय म्हणाली असेल? रिबकाबाई म्हणाली, "रांग बरी हाये." ती रांगेत पहिली होती.

ही गोष्ट शालेमवाडी लपवत नाही. तिच्याबद्दल पुढे जे सांगायचं ते हे सांगितल्यावरच सांगायचं असतं.

नंतर आलेल्यांत ठकी नावाची एक बाई होती. अंगावर पिणारं पोर, नवरा दुष्काळातच गेलेला. दूध आटलं होतं, पोर तापानं फणफणत होतं, आणि पाणी मिळालं तर जगेल अशी त्याची अवस्था होती. एका दुपारी रिबकाबाई दुसरी घागर न्यायला आली, तेव्हा विहिरीवर ठकी एकटीच होती. उतारावर बसलेली, एका हाताशी पोर, दुसऱ्या हाताशी मडकं. रिबकाबाई काठावर चढली. मागून ठकीचा आवाज आला, "मायबाप, पानी वाढा."

रिबकाबाईनं घागर काढली. ती निर्दय नव्हती, तिनं लगेच काढली. काठावर उभी राहून तिनं पाणी ओतलं. निम्मं मडक्यात गेलं, निम्मं पोराच्या अंगावर. पोर दचकून रडलं. रिबकाबाई म्हणाली, "नीट धर की गं, वर बघ जरा!" पण ठकी वर बघेना. तिची नजर एकाच जागी होती. रिबकाबाईनं त्या नजरेच्या मागोमाग बघितलं, तर ठकी तिच्या टाचांकडे बघत होती.

घागर हातातून सुटली आणि दगडावर फुटली.

त्या दिवशी रिबकाबाईला जेवढा राग आला तेवढा इसहाक मेला तेव्हाही आला नव्हता. ती घरी गेली नाही. तडक कोंडिबाच्या दारात गेली आणि म्हणाली, "मास्तर, ती मालकाची गोष्ट वाच." कोंडिबा घाबरला. "कुठली, मळ्याची? तुम्हाला ती आवडत नाही." "वाच म्हनते ना!" तो वाचत गेला. पहाटेचे मजूर, दुपारचे, सांजेचे, सगळ्यांना सारखा रोज, पहिल्यांची कुरकुर. आजवर ती इथेच उठायची. आज ती बसली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं मालकाचं उत्तर ऐकलं. माझं आहे ते मी मला वाटेल त्याला द्यावं की नाही? मी हात सैल सोडला, ते तुझ्या डोळ्यांत खुपतं का?

"कुनाला इच्यारतोय त्यो?" रिबकाबाई म्हणाली.

"पहिल्यांना," कोंडिबा म्हणाला.

"मला इच्यारतोय," ती म्हणाली. "इतकी वरसं इच्यारतोय आन् मी चपला घालून भाईर." आणि ती इतकी मोठ्यानं ओरडली की वाडीतली सगळी दारं उघडली, असं म्हणतात.

मग ती नहेम्यादादांकडे गेली. रांग मोडा, ओतणं बंद करा, दोर ठकीच्या हातात द्या, म्हणाली. नहेम्यादादा शांतपणे म्हणाले, "रिबकाबाई, आपण काय काय सोसलं? तुमचा माणूस गेला या विहिरीत. त्यांनी काय केलं? कालची माणसं ती. त्यांना आयतं द्यायचं?" हेच तिनं स्वतः दरवर्षी म्हटलं होतं, मालकाच्या गोष्टीवर.  नहेम्यादादा पुढे म्हणाले, "आणि रांग मोडली तर तुमची पहिली घागरही जाईल." ती म्हणाली, "घाला ती चुलीत."

नहेम्यादादांनी ऐकलं नाही. त्यात दुसऱ्या सकाळी विहिरीनं तळ दाखवला. पहिल्या पोहऱ्यात निम्मा चिखल आला. वडील मंडळींनी काठावरच ठरवलं की जे काही आहे ते पहिल्या घरांनाच पुरेल, मागच्यांना आज नाही.  त्यांना सवय होती. ती उतारावर नुसती बसून राहिली. ठकीचं पोर आता रडतही नव्हतं.

तेव्हा रिबकाबाई घरातून बाहेर आली. डोक्यावर घागर नव्हती, हातात मीठ ठेवायची करवंटी होती, मीठ ओतून रिकामी केलेली. ती रांगेत तिच्या पहिल्या जागी आली, सगळ्या बाजूला झाल्या, आणि ती काठावर न चढता विहिरीत उतरायला लागली. भिंतीला पायऱ्यांसाठी पुढे काढलेले दगड होते, त्यांना धरून म्हातारी खाली खाली गेली. तळाला, जिथे इसहाक पडला होता, तिथे एका खड्ड्यात ओंजळभर पाणी होतं. ती त्या खड्ड्याशी चिखलात फतकल मारून बसली आणि वर तोंड करून ओरडली, "शेवटली कोन हाये? ठके, तुझं मडकं सोड खाली!"

नहेम्यादादा वाकून म्हणाले, "रिबकाबाई, वर या."

"वरून लई पाजलं समद्यांनी," खालून आवाज आला. "धोंडगावानं पाजलं, तुमी पाजलं, मी बी पाजलं, माझ्या टाचा जळोत. आता पानी खालून मिळंल. ज्यो शेवटला त्यो आधी. दुसऱ्या कुनाचं मडकं आलं तर फोडून टाकीन."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. कुणीतरी घाईनं पोहरा सोडला, तर तो तसाच रिकामा, वर चार शिव्या घेऊन परत आला. मग नाइलाज झाला. ठकीनं दोर धरला. त्या विहिरीच्या दोराला तिच्या लोकांपैकी कुणी हात लावायची ती पहिली वेळ. मडकं खाली गेलं. रिबकाबाईनं करवंटी करवंटीनं ते भरलं, काठोकाठ, एक थेंब न सांडता, आणि ठकीनं ते वर ओढलं. पोराच्या ओठाला पाणी लागलं. पोरानं जीभ बाहेर काढली, मग गिळलं, मग मूठ आवळून किंचाळलं. ते किंचाळणं तळापर्यंत ऐकू गेलं. रिबकाबाई खालून म्हणाली, "रड, रड, बरं झालं. आता दुसरं कोन?"

करवंटीनं मडकं भरलं, तरी खड्ड्यातलं पाणी ओंजळभरच राहिलं. दुसरं भरलं, तरी तेवढंच. शेवटच्या घरापासून ती एकेक घर मोजत पुढच्या घरांकडे आली, आणि पाणी कमी व्हायच्या ऐवजी तिच्या बसल्या मांडीला लागलं. ती देत गेली तसं ते वाढत गेलं, असं म्हणतात. आधीच्यांच्या घागरी आल्या तेव्हा ते तिच्या कंबरेशी होतं. ती उठली नाही, बसूनच भरत होती.

आणि मग धोंडगावची माणसं आली.

धोंडगावची विहीर केव्हाच आटली होती. शालेमवाडीला पाणी फुटलंय ही बातमी वाऱ्यावर गेली आणि त्या बाया घागरी घेऊन माळ चढून आल्या. लांबच थांबल्या. उतारावर. त्यांना मागायची सवय नव्हती, त्यामुळे काय म्हणायचं असतं तेच त्यांना ठाऊक नव्हतं.  शेवटी ठकीनं विहिरीत वाकून सांगितलं, "आक्का, धोंडगावच्या आल्यात. त्यांच्यात एक म्हातारी हाये. पायाला मेंदी लावलेली."

  विहिरीतलं पाणी वाढायचं थांबलं, असं म्हणतात. मग रिबकाबाईचा आवाज आला, पण ती वरच्या कुणाशी बोलत नव्हती.

"ह्यांना बी?" ती म्हणत होती. "ह्यांना बी, बापा? माझ्या आईला पान्यावाचून उन्हात बसवलं त्यांना बी? तुला लाज हाये का? तुझ्या मळ्यात कुनीबी यावं, कवाबी यावं, सारखंच घ्यावं? काय म्हनावं तुला! मी न्हाई देनार. तू दे. तुझं हाये तर तू उतर आन् तू दे!"

वर सगळ्यांनी कान टवकारले. देव उतरला की नाही, ते कुणी पाहिलं नाही. पण कोंडिबा पुढे सांगायचा की त्या घटकेला त्यानं विहिरीत वाकून पाहिलं, तेव्हा ती म्हातारी छातीभर पाण्यात बसली होती आणि रडत होती, आणि करवंटी भरलेलीच तिच्या हातात होती.

"शेवटली कोन?" ती ओरडली. "ती मेंदीवाली? सोड म्हनावं घागर, मेलीला!"

तिनं ती घागर भरली. शिव्या देत भरली. एकेका करवंटीला एकेक शिवी, आणि घागर काठोकाठ. धोंडगावच्या सगळ्या घागरी तिनं अशाच भरल्या. धोंडगावानं त्या दिवशी जेवढं ऐकून घेतलं तेवढं कधी ऐकलं नव्हतं आणि जेवढं पाणी नेलं तेवढंही कधी नेलं नव्हतं. मनानं माफ केलं होतं का तिनं? शालेमवाडीतले लोक म्हणतात, ते विचारणं आपलं काम नाही. घागरी भरल्या होत्या.

आता एकच भांडं उरलं, नहेम्यादादांचं. ते सकाळपासून काठावर उभे होते आणि त्यांचा घसा कोरडा पडला होता, पण दोर सोडायला हात होत नव्हता. रिबकाबाईच्या गळ्याशी पाणी आलं होतं. ती म्हणाली, "दादा, तुमीच शेवटले आता. म्हंजे तुमीच पयले." नहेम्यादादांनी पागोटं काढून ठेवलं. त्यांनी घागर सोडली नाही. ते स्वतः दगड धरून खाली उतरले, पाण्यात तिच्याशेजारी बसले आणि ओंजळ पुढे केली. तिनं त्यांच्या ओंजळीत पाणी दिलं. मग त्यांनी तिच्या हातून करवंटी घेतली आणि तिला पाजलं. सकाळपासून तिनं स्वतः एक थेंब घेतला नव्हता, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

बाहेरगावी सांगतात की ती पाण्यातच विरून गेली, वर आलीच नाही. थापा आहेत. ती वर आली, चिखलानं माखलेली, आणि वर येताच पहिलं वाक्य बोलली ते फुटलेल्या घागरीचे तुकडे अजून कुणी झाडले नाहीत म्हणून. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि तितकीच वर्षं तापट राहिली. मालकाची गोष्ट आली की आता ती उठायची नाही. पण मध्येच मोठ्यानं म्हणायची, "आईकताय का रं, पुढं बसलेले?" आणि पुढे बसलेले ऐकायचे. विहिरीवर पुन्हा रांग लागली नाही आणि ती विहीर पुन्हा कधी आटली नाही, असं म्हणतात.

कोंडिबा उपदेशक शेवटी शेवटी म्हणायचा की नम्रतेवर त्यानं आयुष्यभर प्रवचनं दिली, पण ती त्याला त्या दिवशी कळली. मान खाली घालायला धोंडगावानं रिबकाबाईला लहानपणीच शिकवलं होतं, त्याला काय नम्रता म्हणायचं? उभं राहता येत असताना, पहिली जागा हक्काची असताना, आपल्या पायांनी खाली जाऊन बसायचं आणि तिथून द्यायचं, ती नम्रता. देवानंही तेच केलं, तो म्हणायचा, फक्त देवाच्या तोंडात शिव्या नव्हत्या.

रिबकाबाई अगदी थकून अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं ठकीच करायची. शेवटच्या दिवशी भर दुपारी म्हातारीनं पाणी मागितलं. ठकी घाईनं तांब्या घेऊन धावत आली आणि उभ्याउभ्याच वाकून तो तिच्या तोंडाशी धरला. म्हातारीनं तोंड फिरवलं. ठकीला वाटलं, संपलं. पण रिबकाबाईनं डोळे वटारले आणि म्हणाली, "बस आधी." ठकी जमिनीवर बसली, अंथरुणाच्याही खाली, आणि तिथून तिनं तांब्या वर धरला. मग म्हातारी पाणी प्याली आणि गेली. "बस आधी" हेच तिचं शेवटचं बोलणं.

तेव्हापासून शालेमवाडीत कुणी उभं राहून पाणी देत नाही. पाहुणा असो, भिकारी असो, चुकलेलं ढोर असो, देणारा आधी खाली बसतो, घेणारा वर राहतो. देवळात प्रभुभोजनाचा प्याला देतानाही उपासना चालवणारे पाळक गुडघे टेकून बसतात आणि तो वर करतात. अगदी मागच्या बाकापासून सुरुवात होते आणि मंडळीचे वडील सगळ्यांत शेवटी घेतात. लग्न करून सून आली की तिला उंबऱ्यावर उभी करतात आणि सासू तिच्या पायाशी बसून तिला पाणी पाजते. काही सासवांना ते फार जड जातं. तरी बसावं लागतं.

मागे एकदा पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं. मोठे पाहुणे आले होते, हार होते, फोटोवाला होता. मोठ्या पाहुण्यांनी पहिला पेला भरला आणि समोरच्या एका पोरीला द्यायला हात लांब केला, कॅमेऱ्याकडे बघून हसत, उभ्याउभ्या. पोरीनं हात मागे घेतला. पाहुण्यांना वाटलं, लाजली. त्यांनी पेला आणखी पुढे केला. तेव्हा मागून, बायांमधून, पुरुषांमधून, शेंबड्या पोरांमधून, सगळ्या शालेमवाडीचा एकच आवाज उठला, आणि त्यात आदर तिळभर नव्हता.

"बस आधी!"


पाहुणे धुळीत बसले, तेव्हा कुठे पोरीनं पेला घेतला.